शेखचा बिश्त माझ्या खांद्यावर

जेद्दात तुमचं काम काय होतं, असं गावात कुणी विचारलं की मी "बसकंपनीत होतो" म्हणून विषय बदलतो. समोरचा लगेच म्हणतो, "म्हंजे डायवर?" सुरुवातीला ड्रायव्हरच होतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण पुढे मी मुदीर हरका झालो. मुदीर म्हणजे साहेब आणि हरका म्हणजे हालचाल. कुठली बस, कुठला ड्रायव्हर, कुठल्या हॉटेलातले यात्रेकरू, निघायचं कधी, हे सगळं ठरवणारा माणूस. आपल्या एसटीचा कंट्रोलर समजा. फरक एवढाच की आमचा डेपो वाळूच्या कडेला होता, प्रवासी उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, आलेले होते आणि ड्रायव्हर पाच देशांचे होते. पाच देशांचे पाच प्रकारचे राग असतात, हे मला त्या खुर्चीत कळलं.

या अंकासाठी परदेशातल्या नोकरीच्या गमती लिहा, असं मला सांगितलं आहे. गमती आहेत. एकदा उझबेकिस्तानच्या एका जथ्यात एक आजोबा कमी भरले. पोलीस, हॉटेल, इस्पितळ, सगळीकडे फोन झाले आणि आजोबा सापडले आमच्याच यार्डात, रिकाम्या बसच्या मागच्या सीटवर, चपला नीट काढून झोपलेले. बस हीच आपली राहायची खोली, असा त्यांचा समज झाला होता, आणि हॉटेलापेक्षा ती त्यांना आवडलीही होती. असे किस्से मी रात्रभर सांगेन. पण खरं विचाराल तर त्या नोकरीतली मला सगळ्यात जास्त आठवते ती भीती. म्हणून तीच लिहितो.

आधी चाव्यांबद्दल सांगायला हवं. कुठल्याही डेपोत चाव्या फळीवर टांगलेल्या असतात, ज्याची पाळी तो उचलतो आणि जातो. आमच्याकडेही तसंच होतं. पण एका रमजानात आमचा एक ड्रायव्हर मक्केच्या रस्त्यावर पेंगला आणि बस दुभाजकाला घासत गेली. सगळे वाचले, अल्लाची मेहरबानी. दुसऱ्या दिवसापासून मी फळीला कुलूप लावलं. चावी माझ्याच हातून मिळणार आणि ती देताना मी ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघणार, असा नियम केला. डोळे जड दिसले की चावी परत फळीवर. "जा, झोप." सुरुवातीला शिव्या खाल्ल्या. नंतर त्याच ड्रायव्हरांना त्याची इतकी सवय झाली की मी रजेवर असलो तर ते दुसऱ्याच्या हातून चावी घ्यायला का-कू करायचे. हाच माझा अभिमान होता, आणि याच अभिमानाने पुढे माझा गळा धरला.

आमचे मालक, त्यांना सगळे मोठे शेख म्हणत, जुन्या वळणाचे होते. रमजानची पहिली बस अस्रच्या, दुपार कलतानाच्या नमाजानंतर निघायची, म्हणजे लोक रोजा सोडायला मक्केच्या मोठ्या मशिदीत, हरममध्ये पोचत. त्या दिवशी शेख स्वतः यार्डात यायचे. अंगावर बिश्त घालायचे. बिश्त म्हणजे तिथल्या मानाच्या माणसांनी खांद्यावर घ्यायचा सोनेरी काठाचा काळा झगा. त्यांचा तो बिश्त वर्षभर आमच्या ऑफिसातल्या कपाटात टांगलेला असायचा. तो घालून ते पहिल्या ड्रायव्हरच्या हातात पहिली चावी ठेवायचे, बिस्मिल्ला म्हणायचे, आणि हंगाम सुरू व्हायचा.

त्या वर्षी रमजानच्या तोंडावर मोठ्या शेखना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. माणूस इस्पितळात जिवंत होता, पण हो नाही आणि नाहीही नाही.

त्यांना दोन बायकांचे दोन मुलगे. थोरला फवाज, आवाजाने मोठा, यार्डाची जागा त्याच्या नावावर. धाकटा रायान, बाहेर शिकून आलेला, कधी आवाज न चढवणारा. वडिलांचं मुखत्यारपत्र त्याच्याकडे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे कागद त्याच्या बोटाखाली. फवाजला बसेस यार्डात उभ्या हव्या होत्या, म्हणजे यात्रेकरूंचं कंत्राट बुडेल आणि भाऊ वाटणीला तयार होईल. रायानला त्या धावायला हव्या होत्या, म्हणजे धंदा मीच चालवतो असं कोर्टाला दिसेल. आणि दोघांनाही एकच गोष्ट माहीत होती, की ड्रायव्हर चावी इस्माईलच्या हातून घेतात. इस्माईल म्हणजे मी.

फवाजने मला गाडीत बसवून घेतलं. काचा वर. "फळीची किल्ली मला दे," तो म्हणाला. मी म्हटलं, "शेख बरे होऊ देत." तो हसला. म्हणाला, "बरे होणार नाहीत. त्यानंतर तू कुठे असशील, याचा विचार कर."

रायानने ऑफिसात बोलावलं, समोर बसवलं, तब्येत विचारली. मग संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर माझा फोटो होता. "मिस्टर इस्माईल," तो इंग्रजीत म्हणाला, "एक बस जरी उभी राहिली तर मला हे बटण दाबावं लागेल. आय रिअली डोन्ट वॉन्ट टू."

ते बटण हुरूबचं होतं. हुरूब म्हणजे पळून गेला. मालकाने तशी नोंद केली की तुम्ही त्याच्यासमोर बसून चहा पीत असलात तरी सरकारदरबारी फरारी. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, तिथेच मेला. बँक बंद. पोलिसाने अडवलं तर परत पाठवायच्या लोकांना कोंडतात तिथे रवानगी. कायदे आता सैल झालेत म्हणतात. झाले असतील. पण माझ्या पिढीचा माणूस हुरूब शब्द ऐकला की अजून खिसा चाचपतो.

आणि मी एकटा नव्हतो. बायको रुकय्या आणि मुलगी नाझिया, दोघींचे इकामे माझ्या इकाम्याला बांधलेले होते. नाझिया बारावीला होती. बोर्डाची परीक्षा त्याच रमजानात, जेद्दाच्या इंडियन स्कूलमध्ये. माझा इकामा मेला असता तर पोरीचं वर्ष गेलं असतं, आणि आम्ही तिघं कुठल्या दाराने बाहेर पडलो असतो ते सांगता येत नाही. मला दुसरं काहीही नको होतं. शेवटचा पेपर होईपर्यंत तीन इकामे जिवंत राहावेत आणि मग तिघांनी सरळ दाराने घरी जावं, एवढंच. नाझियाला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं आम्ही नवरा-बायकोने ठरवलं. रोज सकाळी मी संडासात जाऊन फोनवर स्वतःचा इकामा तपासायचो. वैध दिसला की तोंड धुऊन बाहेर यायचो.

रमजानचा पहिला दिवस उजाडला. कंत्राटाच्या बसेस तर काढायलाच हव्या होत्या. अस्र झाली, ड्रायव्हर यार्डात जमले, आणि कुणीच पुढे येईना. आमच्यात सगळ्यात जुना ड्रायव्हर सुदानचा इद्रिस. त्याला सगळे अम्म इद्रिस, इद्रिसकाका म्हणत. तो म्हणाला, "पहिली चावी कोण देणार?"

"मीच देतो. घ्या लवकर, उशीर होतोय."

"अशी नाही," इद्रिस म्हणाला. तो ऑफिसात गेला, कपाट उघडलं, शेखचा बिश्त घेऊन आला, आणि मला काही कळायच्या आत त्याने तो माझ्या खांद्यावर टाकला. म्हणाला, "बिश्ताशिवाय पहिली चावी निघत नाही. मुलगे भांडत बसलेत. आम्हाला तू पुरेसा आहेस."

माणसं ओरडली. टाळ्या वाजल्या. एका हैदराबादी ड्रायव्हरने "इस्माईल साब जिंदाबाद" केलं, मग सगळ्यांनीच केलं. त्या बिचाऱ्यांच्या मनात पाप नव्हतं. प्रथा मोडू नये, हंगाम अपशकुनाने सुरू होऊ नये, एवढंच होतं. मी बिश्त काढायला हात वर केले तर इद्रिसने माझे हात धरले. "आधी चावी." मी चावी दिली. कशी दिली ते आठवत नाही, त्याच्या डोळ्यांत बघितलं की नाही तेही आठवत नाही. आठवतात ते समोरचे मोबाईल. दहा-बारा तरी वर धरलेले होते.

मालक जिवंत, मुलगे जिवंत, आणि त्यांच्या बापाचा बिश्त एका हिंदी नोकराच्या अंगावर. तिथे जे राहिलेत त्यांना मी जास्त सांगायला नको. इतरांनी एवढंच समजावं की पाटलाचं पागोटं गड्याच्या डोक्यावर चढलं, आणि सगळं गाव बघत होतं.

घरी पोचेपर्यंत व्हिडिओ माझ्या आधी पोचला होता. रोजा सुटला, पण मी खजूर हातात धरून फोनकडेच बघत होतो. नाझिया हसत होती. "पप्पा, यू आर ट्रेंडिंग! मेरी पूरी क्लास ने देखा."

मी तिच्यावर खेकसलो. ती पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "पता है, ये रोम में भी हुआ था." तिचा विषय कॉमर्स, पण शाळेच्या लायब्ररीतून इतिहासाची जाडजूड पुस्तकं आणून वाचायचा नाद. तिने सांगितलं ते असं. रोमचा बादशहा मेला आणि वर्षभरात गादीवर एकामागून एक चार जण बसले. त्या गोंधळात सरहद्दीवर एक सेनापती होता. त्याची फौज त्याच्यावर इतकी खूश, की सैनिकांनी त्यालाच बादशहा करायचं ठरवलं. त्याने मागितलंही नव्हतं. असं झालं की सेनापतीला दोनच वाटा उरत. हो म्हटलं तर दुसरे दावेदार चालून येणार. नाही म्हटलं तरी जो गादीवर बसेल तो म्हणणार, याची फौज याला बादशहा मानते, हा जिवंत कशाला?

"मग त्यानं काय केलं?" मी विचारलं. आपण पोरीला असं विचारतोय याची लाजही वाटली नाही.

"ही सेड नो. उसने बोला, बादशहा कोण ते सिनेट ठरवेल. सिनेट मतलब उनके बुजुर्ग लोग. अँड हिज ओन सोल्जर्स गॉट सो अँग्री की उसी को मारने चले."

"मारलं?"

"नहीं. बच गया. बट दॅट्स रेअर, पप्पा."

ती अभ्यासाला गेली. मी रुकय्याला म्हटलं, "रोमात सिनेट होतं. आपल्याकडं कोण आहे?"

रुकय्या ताटं उचलत होती. म्हणाली, "अवो, शेखचा सख्खा भाव हाय ना बलदात? तो अत्तरवाला. त्याला ना इस्टेट हवी, ना बस. दोगं पोरगं त्याच्या म्होरं मान खाली घालतात. तुमी त्याच्याकडं जावा. आनी तो झगा आदी घरातनं काडा, माजा जीव ऱ्हायना."

कारण घाबरून मी बिश्त घरी घेऊन आलो होतो, पिशवीत कोंबून. कपाटात ठेवला असता आणि तो चोरीला गेला असता तर? अशी त्या दिवसात डोक्याची अवस्था होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फवाजचा फोन आला. तो शिव्या देत नव्हता, त्यामुळे मी जास्त घाबरलो. "छान दिसत होतास," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. रायानकडून काहीच आलं नाही. मी दर सिग्नलला इकामा तपासत बलद गाठलं.

जुन्या शहरातल्या गल्लीत सुलेमान शेखचं ऊदाचं दुकान होतं. मी पिशवीतून बिश्त काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळेना. त्यांनी बिश्त उचलला, नाकाशी नेला, आणि त्या सत्तरीच्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "हा ऊद मीच त्याला द्यायचो," ते म्हणाले. मग डोळे पुसून विचारलं, "तुला काय हवंय?"

"कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तुम्ही यार्डात बसा. चाव्या तुमच्या हातून जाऊ देत."

"मला बसमधलं काही कळत नाही."

"मला कळतं. मी शेजारी उभा राहीन. पण हात तुमचा असू दे. माझा राहिला तर माझं काही खरं नाही, शेख. माझी मुलगी परीक्षेला बसलीय."

त्यांनी मला दुकानाचं शटर ओढायला सांगितलं.

यार्डात सुलेमान शेख माझ्या खुर्चीत बसले आणि मी ड्रायव्हरांना सांगितलं की आजपासून चावी यांच्या हातून. कुणी हललं नाही. रस्त्यापलीकडच्या हॉटेलांत यात्रेकरू सामान घेऊन खाली उतरले असणार, आणि इथे माझे लोक हाताची घडी घालून उभे.

इद्रिस पुढे आला. "आम्ही तुझ्या अंगावर मान घातला," तो म्हणाला, "आणि तू तो पिशवीत भरून विकून आलास?"

"विकला नाही, काका. ज्यांचा होता त्यांच्या घरी दिला."

"उद्या फवाज बसला तर? परवा रायान? आमच्या डोळ्यांत कोण बघणार?"

मागून कुणीतरी "गद्दार" म्हणालं, हिंदीत. कुणीतरी पाण्याची बाटली फेकली, ती माझ्या पायाशी फुटली. वीस वर्षं ज्यांना "जा, झोप" म्हटलं त्यांची मला त्या क्षणी भीती वाटली, खरीखुरी, अंगावर येतील अशी. मग मला एकच सुचलं. मी टेबलाला वळसा घालून ड्रायव्हरांच्या बाजूला गेलो आणि सुलेमान शेखपुढे हात पसरला. मोठ्या गाडीचा परवाना मी दरवर्षी नवा करून ठेवायचो.

शेखनी चावी उचलली. मग त्यांना आठवलं असावं मी वाटेत सांगितलेलं, त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. "लाल झालेत," ते म्हणाले.

"झोपेने नाही, शेख. भीतीने."

"मग हळू चालव. बिस्मिल्ला."

मी बस बाहेर काढली. आरशात बघायचं धाडस होत नव्हतं. पहिल्या वळणावर बघितलं तर मागे एक बस निघाली होती, मग दुसरी. सगळ्यात शेवटी इद्रिसची. त्याने त्या दिवसापासून माझा सलाम घेतला नाही. जेद्दातून मी निघालो तोवर घेतला नाही, आणि ते मला आजही लागतं.

चुलत्याला यार्डातून उठवायची फवाजची छाती झाली नाही. बसेस धावत होत्या, म्हणून रायानने बटण दाबलं नाही. पण दाबणार नाही, असंही तो कधी म्हणाला नाही. नाझियाला प्रत्येक पेपरला मी शाळेच्या फाटकापर्यंत सोडायचो. ती "बाय पप्पा" म्हणून मैत्रिणींत मिसळायची, हसायची. मी गाडीत बसून फोन उघडायचो. पोर निर्धास्त आहे, आपण चांगलं लपवलं, असं मी रुकय्याला रोज सांगायचो.

रमजानच्या शेवटच्या दिवसांत मोठे शेख गेले. कब्रस्तानात दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. खोटं रडणं नव्हतं ते, मी जवळ उभा होतो. ईदनंतर, नाझियाचे पेपर संपले त्या आठवड्यात, मला बोलावणं आलं. दोघे एका सोफ्यावर बसले होते. कहवा दिला, खजूर दिले. फवाज म्हणाला, "तू आमच्या वडिलांची फार सेवा केलीस." रायानने पडदा माझ्याकडे वळवला. माझी आणि कुटुंबाची कायमची परतीची परवानगी काढली होती, फायनल एक्झिट. वाटणीच्या एकाही गोष्टीवर तोवर त्यांचं जुळलं नव्हतं. दोघांनी मिळून केलेलं पहिलं काम ते.

मी आभार मानले. दुसरं काय करणार? हुरूब नव्हता, सरळ दार होतं. जे मागत होतो तेच मिळालं होतं. तरी बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि रडलो.

विमानतळावर तपासणीच्या काउंटरशी आम्ही तिघं उभे राहिलो. रुकय्या गेली. नाझिया गेली. माझ्या बोटांचे ठसे यंत्राने घेतले नाहीत. अधिकाऱ्याने बोटं पुसायला सांगितली. पुसली. परत लाल. "बाजूला हो," तो म्हणाला आणि फोन उचलला. मला वाटलं, झालं. रायानने जाता जाता दाबलं. काचेपलीकडे दोघी उभ्या होत्या. मी हाताने खूण केली, जा. रुकय्या जागेवर खिळली होती. नाझिया मात्र वळली आणि शिपाई ओरडत असताना रेषा ओलांडून उलट माझ्याकडे आली.

"जा म्हटलं ना!" मी ओरडलो. "विमान जाईल!"

"मी नाय जानार," ती म्हणाली. तिने माझा हात धरला, ओढणीने बोटं कोरडी केली आणि स्वतःच्या हाताने यंत्रावर दाबून धरली. बराच वेळ काही झालं नाही. मग हिरवा दिवा लागला.

"यल्ला," अधिकारी म्हणाला आणि पुढे जायची खूण केली.

तरी तिने हात सोडला नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की थरथरतोय तो हात माझा नाही, तिचा आहे. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापास्नं," ती म्हणाली. "तुमी संडासात बसून फोन बघायचे, तवा मी भाईर उभी असायची."

सगळे पेपर ती त्याच हाताने लिहून आली होती.